नळ आले

आमच्या गावात नळ येतात. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर तो हसतो. नळ भिंतीत बसवलेला, तो कुठून येणार? येतं ते पाणी. पण आमच्या मुकुंदवाडीत 'पाणी आलं' असं कुणी म्हणत नाही. 'नळ आले' म्हणतात, पाहुणे आले म्हणावं तसं. त्यांची वाटही पाहुण्यासारखीच बघायची. कधी पाचव्या दिवशी येतात, कधी आठव्या, उन्हाळ्यात तर त्याच्याही पुढं. आणि आले की हातातलं काम टाकून उठायचं, मग चुलीवर दूध असो का मांडीवर लेकरू.

परत उन्हाळा लागलाय. दारातल्या लिंबाचा फुलोरा झडून ओट्यावर पिवळा भुगा पडतो. तो झाडायला आता कुणी नाही, मीच पायानं सारतो. गल्लीत लोकांनी कूलर बाहेर काढले, जाळ्यांत नवं गवत भरलं. दुपारी बाराला रस्त्यात उभं राहिलं की माणसाचा आवाज म्हणून कानावर येत नाही, नुसती घरघर. प्रत्येक खिडकीत एक कूलर, आणि कूलरच्या मागं दार लावून बसलेलं एकेक घर.

ही घरघर मला सोसत नाही. दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत, याच घरघरीत, माझी बायको मोरीत पडली आणि हाका मारत राहिली. कुणी आलं नाही. नवव्या दिवशी ती गेली. हे मी अगोदरच सांगून टाकतो. गोष्ट रंगवून शेवटाला न्यायची कला माझ्याकडं नाही. सातवीत शाळा सुटली माझी.

मी पाण्याच्या खात्यात लाईनमन होतो. लाईनमन म्हणजे व्हॉल्व उघडणारा. छातीला लागेल एवढी लोखंडी चावी, वर आडवा दांडा, ती सायकलला बांधायची आणि गल्लोगल्ली हिंडायचं. रस्त्यातलं झाकण काढायचं, चावी आत उतरवायची आणि कमरेत वाकून फिरवायची. त्या एका चावीमुळं अर्धं शहर माझ्याशी बोलायचं. बोलायचं म्हणजे भांडायचंच. गल्लीत शिरलो की ओट्यावरून बाया सुरू व्हायच्या. एक म्हणायची, लाईनमनभाऊ, आमची गल्ली तुमच्या सासरवाडीच्या रस्त्याला नाय म्हणून विसरता का? मोहल्ल्यातले एक चाचा रोज तोच टोमणा मारायचे, की हमारे पानी को रस्ता मालूम नहीं क्या, उसको हाथ पकडके लाओ. मी म्हणायचो, चाचा, तुमचं पाणी नमाजाला थांबलंय, येतंय. मग तेच चाचा चहा पाजायचे. शिव्या देणारी बाईच ताकाचा पेला पुढं करायची. तीस वर्षं मी या शहराच्या शिव्या खाल्ल्या, आणि त्या तीस वर्षांत मला एक दिवस एकटं वाटलं नाही.

गंमत अशी, की आमची स्वतःची गल्ली माझ्याकडं नव्हती, दुसऱ्या लाईनमनकडं होती. तिथं नळ येण्याची खबर माझ्या बायकोकडं.

तिचं नाव गया. शाळा तिनं पाहिलेली नाही. पण नळाची भाषा तिला कळायची. पाणी यायच्या आधी नळ खाकरतो. पोटातली हवा बाहेर टाकतो, दोन उचक्या देतो, मग तांबूस पाण्याची एक पिचकारी. ती पहिली खाकर गयाला कुठंही ऐकू यायची, भाकरी थापताना, झोपेत, माझ्याशी भांडतानासुद्धा. ती तशीच पिठाच्या हातानं ओट्यावर यायची आणि हाक द्यायची, "नळ आले होऽऽ". शेवटचा 'हो' ती असा लांबवायची की तो वळण घेऊन पुढच्या बोळात जायचा. तिथली बाई तो उचलायची आणि पुढं द्यायची. तोंडातोंडी हाक टोकाच्या घरापर्यंत पोचायची आणि तेवढ्यात इकडं हंडे, कळशा, डबे, ड्रम रस्त्यावर आलेले असायचे. त्यासाठी कुणी नेमलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. हाक ऐकली की पुढं द्यायची, एवढंच. न देणाऱ्या घराला बाया नावं ठेवायच्या.

आमच्या भिंतीला भिंत लागून शकिलाभाभीचं घर. वरच्या मजल्यावर तिचं शिलाई मशीन. गयाची हाक तिला सगळ्यात आधी ऐकू जायची, तरी ती वरून वाकून विचारायचीच, "गयाबाई, नळां आये क्या?" मी एकदा म्हणलं, भाभी, एवढं कानाशी वरडली, ऐकू नाय आलं का? तर माझ्यावरच उलटली. म्हणाली, ऐकायचं ते ऐकलं, पण विचारलं नाही तर बोलणं कशावरून सुरू होणार? त्यावर मग दोघी हंडा भरेपर्यंत बोलायच्या. एकीनं मराठीत बोलायचं, दुसरीनं तिच्या बोलीत, मधेच दोघींची अदलाबदल व्हायची. माझ्या लेकीचं, संगीताचं स्थळ त्याच नळावर कळलं. कुणाच्या घरी चूल पेटली नाही हेही तिथंच कळायचं, आणि सांजच्याला तिथं एखादी वाटी जायची. नंबरावरून भांडणंही व्हायची, बाया केस ओढायच्या, त्याला मी तेव्हा कंटाळायचो. आता वाटतं, ती माणसं एकमेकांना हात तरी लावत होती.

मग गल्लीचा मोबाईलवर ग्रुप झाला. वाईट काही नाही, सोयीचंच आहे. उद्या नळ किती वाजता, ते आदल्या दिवशी येतं, पुढं पाण्याचा थेंब काढलेला असतो. घरोघरी जमिनीत टाक्या झाल्या, मोटारी लागल्या. बटण दाबलं की पाणी खालून वर. कुणाला ओट्यावर यायचं कारण उरलं नाही. गयाकडं तसला मोबाईल नव्हता. ती आपली हाक देत राहिली. कुणी म्हणायचं, काकू, कळलंय, मेसेज आलाय. एके दिवशी समोरच्या घरातला नवीन भाडेकरू खाली आला. भला माणूस, हात जोडून बोलला. म्हणाला, काकू, माझी घरून मीटिंग असते, तिकडं सगळ्यांना तुमचा आवाज जातो.

गया घरात आली, पाटावर बसली. बराच वेळ हातातल्या पिठाच्या कपच्या काढत होती. मग म्हणाली, "लोकास्नी आता माझी हाक आवाज वाटायलीय."

त्यानंतर तिनं हाक दिली नाही. वर्षामागून वर्षं गेली. नळ खाकरला की तिचा हात थांबायचा, ओठ हलायचे, आणि ती गुमान मोटारीचं बटण दाबायची.

हाक वेगळी आणि आवाज वेगळा, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. आता शहरात हिंडतो तेव्हा तेच मनात येतं. आवाज तर वाढलेत. भंगारवाल्याचं रेकॉर्ड केलेलं बोलणं गाडीवर वाजत जातं, कचऱ्याची गाडी गाणं लावून येते, लग्नाच्या वरातीनं खिडक्या हादरतात. हाक कुठं नाही. बस स्टँडवर एखाद्याला गाडी विचारली तर तो मोबाईलात बघून बरोबर सांगतो, पण सांगताना माझ्याकडं बघत नाही. रिक्षात बसलो की पूर्वी रिक्षावाला घरची चौकशी करायचा, आता त्याच्या हँडलला लावलेला फोन त्याला डावं-उजवं सांगतो आणि आम्ही दोघं ते ऐकतो. पत्ता विचारत कुणी दारी येत नाही. त्यामुळं कुणाचं घर कुठं हे सांगायचा मानही गेला.

मागं गारखेड्यात माझ्याबरोबरच्या एका लाईनमनला भेटायला गेलो. पोरानं मोठ्या इमारतीत फ्लॅट घेतलाय. खाली दाराशी भिंतीत एक डबी. वॉचमन म्हणाला, हिच्यात बोला. मी डबीला नाव सांगितलं, कोण कुठला ते सांगितलं. डबीतून बाईचा आवाज आला, बाबा झोपलेत. मी मान वर केली तर हा बाबा तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसलेला, माझ्याकडं बघतोय. मी हात केला. त्यानंही हात केला. जन्मभर एका चावीला चार हात लावलेली माणसं आम्ही. तिथून हाक मारली असती तर सहज ऐकू गेली असती. त्यानं मारली नाही, आणि खरं सांगायचं तर मीही मारली नाही. खालच्या लोकांना कसं वाटेल, असं मनात आलं. परत फिरलो.

तर तो दिवस. सकाळचे अकरा वाजले असतील. मी गल्लीच्या तोंडाशी बबनच्या चहाच्या टपरीवर होतो. गया मोरीत कपडे आघळायला गेली, पाय सरकला, खुब्याचं हाड मोडलं, डोकं कठड्यावर आपटलं. मी जेवायला घरी आलो तो दीडच्या सुमाराला. मोरीच्या दारात तिचा हात दिसला. बांगडी फुटलेली. डोळे उघडे होते, शुद्धीवर होती. मला बघून रडली नाही. एवढंच म्हणाली, "लई उशीर केला वो."

दवाखान्यात तिनं मला सगळं सांगितलं. आधी मला हाक मारली. मग कुणी हाय का, कुणी हाय का, असं ओरडली. कूलर चालूच. तेव्हा तिला एक सुचलं. मरते म्हणलं तर कोण येतं, म्हणाली, दार उघडावं लागतं, दवाखान्यात न्यावं लागतं. पण नळ आले म्हणलं तर लोक येतील. म्हणून तिनं मोडलेल्या कमरेनं, फरशीवर पडल्या पडल्या, इतक्या वर्षांनी ती हाक दिली. शेवटचा 'हो' लांबवून. तीनदा, चारदा दिली. मग घसा सुकला.

ज्यांना ऐकू गेली त्यांनी मोबाईल बघितला. त्या दिवशी नळ नव्हते, ग्रुपवर दुसऱ्या दिवसाचं लिहिलं होतं. म्हातारी चळली, असं म्हणून माणसं आपापल्या कामाला लागली. गया गेली तेव्हा ग्रुपवर तिचा फोटो आला, खाली भावपूर्ण श्रद्धांजली आणि जोडलेले हात. त्याच्या खाली लगेच उद्याच्या नळाची वेळ. त्या वेळेलाही कुणीकुणी हात जोडलेले.

संगीता पुण्याहून आली होती. सावडून आल्यावर ती सरळ शकिलाभाभीच्या दारात गेली. सगळी गल्ली बघत होती. ती म्हणाली, "भिंतीला भिंत तुमची. माझी आई हाका मारत मेली आणि तुम्ही मोबाईल बघत बसलात." भाभीनं पदर तोंडाला लावला. एकदा, फक्त एकदा, तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मान खाली घातली. मी माझ्या पायाचे अंगठे बघत होतो.

आता जे लिहायचं त्यासाठी एवढं लिहिलं. ती हाक मीही ऐकली होती.

बबनच्या टपरीपासून आमचं घर नऊ घरं. हातात अर्धा चहा होता. गयाचा आवाज मी ओळखणार नाही का? पहिल्यांदा आली तेव्हा बबननंच माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, "आज आपले नळ नायती. म्हातारीला भास होयालेत." दोघं-चौघं हसले. मीही हसलो. दुसऱ्यांदा आली तेव्हा कपाळावर हात मारून दाखवला. तिसऱ्यांदाचीही ऐकली, कारण ती थोडी बारीक होती, आणि मला वाटलं, बरं झालं, थकली वाटतं. लाजच वाटत होती मला तिची, चार माणसांत. तीस वर्षं ज्याचं पोट नळाच्या वेळेवर चाललं, त्याला वेळ पक्की माहीत होती. बायको काय म्हणते ते माहीत नव्हतं. मी वेळ ऐकली, हाक ऐकली नाही. चहा संपवला, दुसरा सांगितला.

शहराला शिव्या देणं सोपं आहे. मघापासून मी तेच करतोय. डबी, कूलर, मोबाईल. पण माझ्याकडं तर त्या दिवशी मोबाईलही नव्हता.

दोन वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. संगीताच्या लेखी दोषी शकिलाभाभी. भाभीनं आमच्याकडं येणं बंद केलं. ईदला गयासाठी डबा यायचा, तो थांबला. भिंतीपलीकडून मशीनचा आवाज यायचा आणि मी भिंतीजवळ गेलो की तोही बंद व्हायचा, निदान मला तसं वाटायचं. आम्ही दोन म्हातारी माणसं एका भिंतीच्या दोन बाजूंना, एकमेकांचा खोकला ओळखणारी, दोन वर्षं बोललो नाही.

या उन्हाळ्यात एक पाहिलं. गल्लीत पोरी खेळत होत्या, त्यातली एक खेळता खेळता किंचाळली. पोरी किंचाळतातच. शकिलाभाभी वरून धावत खाली आली, अनवाणी, गळ्यात शिलाईची टेप तशीच लटकलेली. डांबर तापलेलं. पोरी हसायला लागल्या. भाभी धापा टाकत उभी राहिली, मग पाय भाजल्याचं कळलं तशी सावलीला सरकली. ओट्यावर बसून मी नंतर आठ दिवस लक्ष ठेवलं. कुणाचाही आवाज चढला की ती बाहेर येते. भाजीवाला ओरडला तरी येते. दोन वर्षं ती अशी धावतेय.

मग एक दिवस मी तिच्या दारात गेलो. आत नाही, उंबऱ्याशीच. म्हणलं, भाभी, एक सांगायचंय. गया हाक मारत होती तेव्हा मी टपरीवर होतो. मीबी ऐकलं होतं.

तिनं हातातली कात्री खाली ठेवली. "मेरेकू मालूम है, भाऊ," म्हणाली.



मग ती सावकाश बोलली. गयाबाईची हाक ऐकून ती मशीनवरून उठली होती. मोबाईलात बघितलं, नळ नव्हते. तरी तिला राहवलं नाही, म्हणून ती गच्चीवर आली. तिथून टपरी दिसते. टपरीवर मी बसलेला, हातात चहा, हसतोय. "मी म्हणलं, लाईनमन बसलाय ना. त्याची बायको, त्याचे नळ. काय असतं तर तो उठला असता. तुम्ही नाही उठलात, म्हणून मी परत मशीनवर बसले."

एवढं तिच्याकडं होतं, आणि माझ्या लेकीनं दारात उभं राहून गल्लीसमोर तिला बोल लावले तेव्हा तिनं ते बाहेर काढलं नाही. मी विचारलं, का नाही सांगितलं तेव्हा? ती म्हणाली, पोरीची आई गेली होती, बाप पण घेऊ का तिचा?

मी तिथंच खाली बसलो. तिनं तांब्याभर पाणी आणून ठेवलं. मी ते घेतलं नाही. मी उठायला लागलो तेव्हा ती म्हणाली, "माझ्याशी बोललात, बरं केलं. पण बोल मला पोरीनं लावला होता, भाऊ. तिच्याशी कधी बोलणार?"

संगीताचा फोन रविवारी येतो. मोबाईल तिनंच घेऊन दिलाय. बोलणं ठरलेलं असतं. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, नळ आले का. मी तिन्हीला हो म्हणतो आणि ती ठेवते. त्या रविवारी मी तिला विचारूच दिलं नाही. म्हणलं, बाई, आधी माझं ऐक. तुझ्या आईची हाक मी ऐकली होती. नऊ घरांवर बसलो होतो, चहा पीत. तीनदा ऐकली आणि हसलो. भाभीला बोल लावू नको, ती माझ्याकडं बघून बसली.

तिकडून काही नाही. ती रस्त्यात असावी. मागं गाड्यांचे हॉर्न वाजत होते, कुणी बाई कुणाला तरी सुट्टे मागत होती. मी थांबलो. मग ती म्हणाली, "हॅलो? आण्णा? आवाज येईना तुमचा. नंतर करते."

नंतर केला नाही. पुढच्या रविवारी केला. जेवलात का. गोळ्या घेतल्या का. नळ आले का. मी म्हणलं, आले.

शकिलाभाभीनं विचारलं, सांगितलं का. सांगितलं म्हणलं. काय म्हणाली? मी म्हणलं, रेंज नव्हती. भाभी मशीनमध्ये दोरा ओवत होती. तिनं मान वर केली नाही.

रेंज खरंच नसेल. शहरात कुठं असते, कुठं नसते. पण मला ते हॉर्न स्वच्छ ऐकू येत होते, सुट्टे मागणारी बाईसुद्धा. आणि लेक माझी आहे.